भाचीचा दात, मामाची सही

माझी भाची दात घेऊन जन्माला आली. अकराव्या दिवशी तो काढला आणि पन्नासाव्या दिवशी मी तोच दात मायक्रोस्कोपखाली पाहिला. मधल्या काळात कुठे कुठे जावं लागलं, कोणते कागद लागले, किती पैसे गेले आणि काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते लिहून ठेवतोय. पहिल्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाइलवर मराठीत शोधत होतो, तेव्हा शकुन-अपशकुनापलीकडे हाताला काही लागलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सरफेस ग्राइंडिंगचं, म्हणजे धातूचे भाग घासून सपाट करायचं जॉबवर्क करतो. त्यामुळे काही गोष्टी माझ्या भाषेत येतील, सांभाळून घ्या.

९ जून २०२५, सोमवार. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, त्यामुळे आईचं अर्धं लक्ष पूजेच्या सामानात. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे माधवनगरला आलेली. दाजी फौजेत, रजा मंजूर व्हायची होती. पहाटे कळा सुरू झाल्या, दुपारी सव्वादोनला सांगलीतल्या एका नर्सिंग होममध्ये मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे. सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मामा ना तुम्ही? मुलगी झालीय. आणि दात घेऊन आलीय."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी करंगळीनं बाळाचा खालचा ओठ जरा खाली केला. हिरडीच्या मधोमध, किंचित डावीकडे, तांदळाच्या कणीएवढं पिवळट काहीतरी वर आलेलं. दातच होता.

दाजींच्या आत्याबाई पलूसहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरचा का खालचा?"

"खालचा."

"मग जरा बरं. तरी मामानं जपून राहावं."

वरचे दात आधी आले की मामाला भारी, हे आपल्याकडे घरोघर ऐकलेलं असतं. पण जन्मतःच असलेल्या दाताचा नियम कुणालाच नीट माहीत नव्हता, म्हणून जो तो आपला नियम सांगायला लागला. कुणी म्हणालं चांदी द्या, कुणी म्हणालं मामानं बारा दिवस बाळाचं तोंड बघू नये. तोंड तर मी बघून झालो होतो. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी गाडी हळू चालव असं तिनं मला तीनदा सांगितलं.

रात्री इंग्रजी पानं चाळली तेव्हा कळलं, असे दात साधारण दोन-तीन हजार बाळांमागे एकाला असतात. जन्मतःच असतील तर त्यांना एक नाव, पहिल्या तीस दिवसांत आले तर दुसरं. दहातले आठ-नऊ हे खालचे मधले पुढचे दातच असतात, म्हणजे आमच्यासारखेच. फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ मध्ये जन्मला तोही दोन दात घेऊन, आणि दूध पाजणाऱ्या दाया त्याला कंटाळल्या होत्या. मी लगेच त्याच्या मामाचं काय झालं ते शोधलं. मामा म्हणजे स्पेनचा राजा चौथा फिलिप. भाचा सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत जगला. दोघांच्या राज्यांत वर्षानुवर्षं लढाई चालली आणि शेवटी मामानं आपली मुलगी त्याच भाच्याला देऊन सोयरीक केली. हे सकाळी आत्याबाईंना सांगितलं, तर त्यांना त्यातली फक्त सोयरीक पटली.

१० जूनला बालरोगतज्ज्ञ आले. त्यांनी दात बघायच्या आधी बाळाची बोटं मोजली, नखं बघितली, टाळू आणि ओठ तपासले. काही दुर्मीळ आजारांत असा दात हे एक लक्षण असतं, पण तेव्हा बाकीच्याही खुणा सोबत असतात. इथं तसं काही नव्हतं. मग त्यांनी हातमोजा घालून दात हलवून पाहिला. "हलतोय बऱ्यापैकी. घट्ट असता तर ठेवा म्हणालो असतो. आता दोन गोष्टींवर लक्ष ठेवा, दात जास्त सैल होतोय का आणि जिभेखाली जखम होतेय का. लहान मुलांच्या दातांचे जे डॉक्टर असतात त्यांनाच दाखवा."

जाता जाता त्यांनी एक विचारलं, "घरात कुणी दोरा-बिरा बांधायचं म्हणत नाही ना?" म्हणत होते. बाहेर बाकावर तोच विषय चालू होता. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के त्याच्या अंगात फार कमी असतं, आतड्यात जिवाणू स्थिरावून ते तयार व्हायला आठ-दहा दिवस जातात. अशा वेळी घरी दात उपटला आणि रक्त थांबलं नाही तर काय करणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं. दोऱ्याचा विषय तिथंच संपला.

१२ जूनला घरी आलो. दूध पाजणं हेच मोठं काम होऊन बसलं. ताईला वाटत होतं की दात तिला लागतोय, आणि लागत होताही, पण बाळ ओढताना त्याची जीभ खालच्या हिरडीवर येते, म्हणजे दाताची धार आधी जिभेला लागते, हे आम्हाला पुढे कळलं. आईनं दूध काढून बोंडल्यानं पाजायला सुरुवात केली. घरातलं बोंडलं पितळेचं, जुनं, आतून काळपट. मी सराफ कट्ट्यावरून चांदीचं आणलं, साडेसहा हजार पडले. चांदी द्या म्हणणारे खूश झाले. मी बोंडल्यासाठी आणलं होतं, पण वाद घातला नाही.

१३ जूनला जवळच्या एका खासगी दातांच्या दवाखान्यात गेलो. तीनशे रुपये फी, दोन मिनिटं तपासणी, "एवढ्या लहान बाळाला आम्ही हात लावत नाही." तेव्हा राग आला. आता वाटतं, जमत नाही ते जमत नाही म्हणाले हे चांगलंच केलं. फक्त कुठे जायचं तेवढं सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता.

१४ जून, शनिवार, दंत महाविद्यालयाचं रुग्णालय. केसपेपर तीस रुपये. खिडकीवर नाव विचारलं. बारसं व्हायचं होतं, नाव कुठलं? ताईचं नाव लिहून पुढे 'यांचे बाळ' असं लिहिलं. वयाच्या रकान्यात संगणक वर्षंच मागत होता, शून्य घेईना. शेवटी त्यांनी एक टाकलं आणि पेनानं पाच दिवस असं लिहून शिक्का मारला. जन्मदाखला अजून हातात नव्हता, डिस्चार्ज कार्ड चाललं. तुम्ही जाणार असाल तर त्याच्या चार झेरॉक्स काढून न्या, प्रत्येक टेबलावर एक लागते.

मुलांच्या विभागातल्या मॅडमनी गॉझच्या तुकड्यानं दात धरून हलवला. मग एक्स-रे. एवढ्याशा तोंडात फिल्म कशी धरायची? ताईला शिशाचा एप्रन घातला आणि तिनंच बोटानं फिल्म धरली. शंभर रुपये. फिल्म उजेडात धरून मॅडमनी दाखवलं. शिवणकामाला बोटात घालतो ते अंगुस्तान असतं ना, तसा दात. वरून टोपी, आतून पोकळ, खाली मूळ नाहीच. नुसत्या हिरडीच्या मांसाला चिकटून उभा. शेजारी उजवा दात मात्र हाडात आपल्या जागी, शांत.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. या दाताच्या खाली दुसरा डावा दुधाचा दात आहे का? नव्हता. म्हणजे हा जादाचा नव्हता, तिच्या वीस दुधाच्या दातांपैकीच एक, आठव्या महिन्याच्या सुमारास यायचा तो आधी आलेला. बहुतेक वेळा असंच असतं, जादाचे दात फार थोडे. काढला तर तिथं सहा-सात वर्षांची होईपर्यंत फट राहणार. मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच घाई करत नाही. धार घासून गुळगुळीत करूनही काहींचं भागतं. दोन दिवसांनी परत या." घरात कुणाला असा दात होता का, हेही विचारलं. ताईच्या सासूबाई नाही म्हणाल्या. परत येताना रिक्षात त्यांना आठवलं, "ह्यांच्या थोरल्या बहिणीला होता म्हणतात. सुईणीनं काढला. बोलायचं नाही म्हणून बोलत नव्हते." मी रिक्षातूनच फोन केला. हा दात घराण्यात उतरू शकतो, त्यामुळे फाइलमध्ये ते लिहिणं गरजेचं होतं.

१६ जूनला जिभेखाली जखम दिसली. पांढरट, कडेनं लाल, मसुराएवढी. या जखमेला रीगा आणि फेडे या दोन इटालियन डॉक्टरांचं नाव आहे, एकोणिसाव्या शतकातले दोघे. दात आणखी सैल झाला होता. मग काढायचं ठरलं.

आणि इथं आमचं घोडं अडलं. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय का? सिस्टरनी मांडीत दिल्याचं ताईला आठवत होतं, पण डिस्चार्ज कार्डावर नोंद नव्हती. "लेखी हवं," मॅडम म्हणाल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मी नर्सिंग होमला गेलो. मूळ नोंद लेबर रूमच्या रजिस्टरला, रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे त्या सुट्टीवर. दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा ते मिळालं, एक मिलिग्रॅम, वेळेसकट. कार्डावर उतरवून शिक्का घेतला. घरी यायच्या आधी डिस्चार्ज कार्डावर ही एक ओळ आहे का ते बघून घ्या, दात असो वा नसो. त्याशिवाय रक्ताची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये केली, साडेचारशे रुपये.

संमतीपत्रावर मी पेन काढून सही करायला लागलो तर क्लार्कनी कागद मागे ओढला. "तुम्ही कोण?" मामा. "मामाची चालत नाही. आई किंवा वडील." आठ दिवस सगळा भार मामावर आहे असं ऐकत होतो, आणि सहीला मामा चालत नाही!

१९ जून, गुरुवार, सकाळी साडेदहा. ताईनं बाळाला मांडीवर घेतलं, डोकं सिस्टरनी धरलं. हिरडी बधिर करायचं मलम कापसाच्या काडीवर मोजून घेतलं. (बाजारात मिळणारी हिरडीची जेल घरी लावू नका, काही औषधं तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी करतात, असं त्यांनी निक्षून सांगितलं.) घशाकडे गॉझ ठेवलं, निसटला तर आत जाऊ नये म्हणून. मग चिमटा. मी घड्याळ बघत होतो, आठ सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्यानंतर मात्र खाली राहिलेला मऊ भाग त्यांनी बारीक हत्यारानं खरवडून काढला, कारण तिथं दात तयार करणारा कोंभ शिल्लक राहिला तर पुढे दातासारखं काहीतरी वेडंवाकडं पुन्हा उगवू शकतं. रक्त दोन-तीन मिनिटं दाबून धरल्यावर थांबलं. बाळ रडलं, ताई त्याहून जास्त रडली, आणि अर्ध्या तासानं दोघी दूध पाजण्यात गुंग. दोनशे रुपये.

दात गॉझवर पडलेला. मी खिशातून व्हर्नियर काढलं. मॅडम हसल्या, पण मोजू दिलं. रुंदी ४.१ मिलिमीटर, उंची ३.२. वरची कड जरा दातेरी, खालची कड कागद फाटावा तशी, पातळ. रंग हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा. वजन हाताला जाणवतच नव्हतं.

"हा आता पिवळ्या पिशवीत जाईल," मॅडम म्हणाल्या. शरीराचा काढलेला भाग म्हणजे जैववैद्यकीय कचरा, त्याला नियम आहेत. तेवढ्यात ओरल पॅथॉलॉजीची, म्हणजे तोंड-दातांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या विभागाची, एक पदव्युत्तर विद्यार्थिनी आली. तिला असा दात अभ्यासाला हवा होता. तिनं मला विचारलं नाही, ताईला विचारलं, हे मला आवडलं. वेगळं संमतीपत्र, मराठीत, त्यात स्पष्ट लिहिलेलं की नाव कुठे येणार नाही आणि नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही. ताईनं सही केली आणि एक अट घातली, काय दिसतंय ते आम्हाला दाखवायचं. छोट्या बाटलीत फॉर्मलीन, त्यात दात, वर केस नंबर.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या. पाळण्यात बाळ बोळक्या तोंडानं जांभया देत होतं, त्यामुळे नव्यानं आलेल्यांना काही सांगावंच लागलं नाही.

२६ जूनला मी विभागात एक राहिलेला कागद द्यायला गेलो तर ती विद्यार्थिनी आमचाच दात दगडावर घासत बसली होती. दात पातळ चकतीनं उभा चिरून दोन भाग केले होते. एक भाग ॲसिडमध्ये टाकलेला, दुसरा ती पाणी टाकत कार्बोरंडमच्या दगडावर बोटाच्या टोकानं घासत होती. मला राहवलं नाही. "मॅडम, आठाच्या आकड्यात फिरवा. एकाच दिशेनं घासलं की एक बाजू उतरते." तिनं वर बघितलं, मग फिरवलं. माझ्याकडे मायक्रोमीटर होतंच. १४० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). थोड्या वेळानं ९०. मग बारीक दगड. तिला पन्नासच्या खाली हवं होतं, म्हणजे केसापेक्षा पातळ, तरच उजेड आरपार जातो. ६२ वर असताना कडेचा एक कपचा उडाला. इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कडक कवचाचा होता. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मीही नाही. असला जॉब दुसरा मिळत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग ती म्हणाली, "चांगल्या दाताचं इतकं सहज उडत नाही. हे पण लिहून ठेवते."

त्यानंतर वाट बघणं. ॲसिडमधला तुकडा मऊ व्हायला दिवस जातात, तो पुरता मऊ झाला का ते तपासावं लागतं, मग मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे. त्यात तिची परीक्षा आली, मग मशीनचं पातं यायचं होतं. आषाढी झाली. मी दर सोमवारी फोन करत होतो. तिसऱ्या फोनला ती म्हणाली, "काका, झालं की मी करीन." काका! मग मी थांबलो.

२८ जुलैला फोन आला. पहिला श्रावणी सोमवार, दुसऱ्या दिवशी नागपंचमी, शिराळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. ताई बाळाला सोडून येऊ शकत नव्हती, मी एकटाच गेलो.

पहिली स्लाइड घासलेल्या तुकड्याची. डोळा लावल्यावर आधी फक्त माझ्याच पापण्या दिसल्या. मग हळूहळू एक टोक स्पष्ट झालं. बाहेरून एक पातळ पट्टा, कुठे पिवळसर, कुठे तपकिरी. तेच इनॅमल. वरच्या कडेला त्यातल्या त्यात जाड, खाली येईल तसं निमुळतं होत गेलेलं, आणि मधेच एका जागी नाहीच. तिथं आतलं डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा दाताचा मुख्य भाग, थेट उघड्यावर. नेहमीच्या दुधाच्या दातावर हा थर जाडीत जाडी एक मिलिमीटरच्या आसपास जातो, असं ती म्हणाली. इथं त्याचा अंशच होता. कपचा उडालेली जागाही दिसली, दरीसारखी.

"दात चुकीचा तयार झाला का?" मी विचारलं.

"चुकीचा नाही. अर्धवट."

तिनं कागदावर काढून दाखवलं. खालचा मधला दात पोटात असतानाच, चौदाव्या आठवड्याच्या सुमारास, टणक व्हायला लागतो. जन्माच्या वेळी त्याच्या डोक्यावरचं इनॅमल साधारण तीन पंचमांशच झालेलं असतं. उरलेलं पुढच्या अडीच महिन्यांत हिरडीच्या आत, अंधारात पूर्ण होतं. इनॅमल घालणाऱ्या पेशी दाताच्या अंगावर बाहेरून बसलेल्या असतात. थर घालून झाला तरी त्यांचं काम संपत नाही, त्या थराला आणखी कडक करत राहतात. दात हिरडीतून बाहेर आला की या पेशी मरतात, आणि पुन्हा कधीच येत नाहीत. हा दात हाडात खोल असायला हवा होता तो हिरडीच्या अगदी वरच्या अंगाला बसला होता, असं बहुतेकदा कारण धरतात. त्यामुळे तो लवकर बाहेर आला आणि पेशी काम अर्धं टाकून गेल्या. मी म्हटलं, म्हणजे लोखंडावर क्रोमचा कडक थर चढवतात त्या हार्ड क्रोमच्या टाकीतून जॉब वेळेआधी बाहेर काढल्यासारखं. थर आहे, पण पातळ, आणि बोटानं निघतोय. तिला हार्ड क्रोम माहीत नव्हतं, मग तिला तो सांगण्यात दहा मिनिटं गेली.

डेंटिन बघायला भिंग बदललं. मला वाटत होतं आत भरीव असेल. तसं नव्हतं. वरच्या भागात बारीक नळ्या, हजारो, एकमेकींना समांतर, जराशा नागमोडी, केस विंचरून ठेवावेत तशा. हा भाग कुठल्याही चांगल्या दातासारखाच, ती म्हणाली. मग तिनं स्लाइड हळूहळू खाली सरकवली. नळ्या विरळ झाल्या, वाकड्या झाल्या, मधे मधे काळे डाग आले, कडा आत वळलेले. टणक होताना गोळ्या गोळ्यांनी क्षार भरत जातो, गोळे एकमेकांत मिसळले नाहीत की मधे अशा जागा राहतात. अगदी खाली तर नळ्या जवळपास संपल्या, आणि त्या पदार्थात पेशीच अडकून पडलेल्या होत्या. हाडात असतात तशा. "इथं दात हाडासारखा व्हायला लागलाय," ती म्हणाली. दातानं हलायला सुरुवात केल्यावर खालचा कोंभ गोंधळला आणि जमेल तसं भरत गेला.

दुसरी स्लाइड रंगवलेली, गुलाबी-जांभळी. इथं इनॅमलच्या जागी नुसतं पांढरं.

"इनॅमल कुठं गेलं?"

"ॲसिडात विरघळलं. ते जवळजवळ सगळं क्षारच असतं, त्यामुळे मागे काही उरत नाही. म्हणून तर अर्धा घासला."

एकाच दाताच्या दोन स्लाइड का, ते तेव्हा डोक्यात शिरलं. घासलेल्यात कवच दिसतं, पण जिवंत भाग राहत नाही. ॲसिडातल्यात कवच जातं, जिवंत भाग राहतो. या दुसऱ्या स्लाइडमध्ये गुलाबी डेंटिनच्या आतल्या कडेनं फिकट रुंद पट्टा होता, अजून टणक न झालेलं डेंटिन. त्याला लागून वरच्या बाजूला पेशींची ओळ, शिस्तीत उभी, शाळेच्या प्रार्थनेसारखी. खाली तीच ओळ मोडलेली, पेशी आडव्या, चपट्या. मधला पोकळ भाग प्रचंड मोठा आणि रक्तवाहिन्यांनी गच्च. काहींत तांबड्या पेशी अजून तशाच अडकलेल्या. ते बघून मी जरा मागे झालो. आठ सेकंदांत निघालेली गोष्ट, पण तिच्यात एवढं रक्त फिरत होतं.

मूळ कुठेच नव्हतं. मुळावर चढतं ते सिमेंटमही नव्हतं. एक्स-रेनं जे सांगितलं तेच.

शेवटी तिनं मला एक रेघ शोधायला लावली. प्रत्येक माणसाच्या दुधाच्या दातात जन्माची एक रेघ असते. पोटातून बाहेर येण्याचा धक्का बसतो, तेवढ्यापुरती दात घडण्याची लय बिघडते आणि तिथं ठळक रेघ उमटते. अलीकडचं पोटातलं, पलीकडचं बाहेरचं. आमच्या दातात तिनं ती खालच्या कडेला बराच वेळ शोधली. आहे असं छातीठोकपणे म्हणता येईल अशी दिसली नाही. जन्मल्यानंतर अकराच दिवस मिळाले होते, त्यातही वरचं काम आधीच बंद पडलेलं. मग तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी सहा वर्षांनी पडलेल्या दाताची स्लाइड लावली. त्यात ती रेघ लख्ख दिसली, झाडाच्या खोडातल्या वर्तुळासारखी. तो दात कुणाचा होता कुणास ठाऊक, पण त्याचा वाढदिवस मी पाहिला.

स्लाइड घरी मिळत नाहीत, त्या विभागाच्या. लेखी अर्ज दिला तर अहवालाची प्रत आणि फोटोची छापील प्रत मिळते. अर्जावर पुन्हा ताईचीच सही लागली. अहवाल एक पानाचा आहे आणि शेवटी लिहिलंय की हा नेहमीच्या दुधाच्या दातांपैकीच, अपूर्ण वाढीचा. ताईनं ती ओळ दाजींना व्हिडिओ कॉलवर दोनदा वाचून दाखवली. गरोदरपणात आपण काही चुकीचं खाल्लं का, हे ती इतके दिवस मनात घेऊन बसली होती, मला त्याचा पत्ताच नव्हता. मी मात्र मामाचं घेऊन बसलो होतो.

खर्च विचाराल तर पहिली फी ३००, केसपेपर ३०, एक्स-रे १००, रक्त ४५०, दात काढायचे २००. एकूण १,०८०. रिक्षाला १,६०० गेले, कारण पावसात बाळंतिणीला गाडीवर कसं न्यायचं. स्लाइडचे काही घेतले नाहीत. जिभेखालची जखम दात काढल्यावर आठवडा-दीड आठवड्यात भरली. दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, शेजारचे दात फटीकडे कलतायत का ते बघायला.

१४ डिसेंबरला उष्टावण केलं, सातवा महिना लागला होता. खीर मामानं भरवायची. पहिला चमचा गेला, अर्धा बाहेर आला. दुसऱ्या चमच्याला आत कशाला तरी लागून टक् असा आवाज झाला. मी ओठ जरा खाली केला. फटीच्या उजव्या बाजूला पांढरी शुभ्र कड.

पाटावरून आत्याबाईंनी विचारलं, "वरचा का खालचा?"

"खालचा," म्हटलं, आणि तिसरा चमचा भरला.